समाजीतला ‘एल’ गेला कुठे?

याकोबाला आज यब्बोकच्या काठावरच थांबावं लागणार आहे. रात्रभर चाललेली त्याची झुंज आणि उजाडताना त्याला मिळालेलं नवं नाव, हा विषय या आठवड्यासाठी ठरला होता. पण खारघरच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न असा नेमका होता की त्याला दोन ओळींत उत्तर देणं जमेना.

त्या विचारतात, ‘मागच्या लेखात तुम्ही समाजी हसाजी दिवेकर हे नाव घेतलंत आणि तसेच पुढे गेलात. हे तर एखाद्या मराठा सरदाराचं नाव वाटतं. यात हिब्रू कुठे आहे? आणि हिब्रू नावांचं सगळं सत्त्व त्यांच्यातल्या देववाचक अक्षरांत असतं असं तुम्हीच लिहिलंय. ती अक्षरंच गळून पडली, तर नावाला आध्यात्मिक अर्थ उरला कुठे?’

आधी माणूस कोण ते सांगतो. समाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर. जातीने बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, कुलाब्याच्या किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणाऱ्या समाजातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून गावं त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. समाजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत गेले, अधिकारपदाला चढले, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले. तिथून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला प्रार्थनामंदिर बांधलं. मुंबईतलं ते पहिलं सिनेगॉग. मस्जिद बंदरच्या गर्दीत आजही सॅम्युएल स्ट्रीट आहे, तो रस्ता त्यांच्याच नावाचा.

‘समाजी’ म्हणजे शमुवेल. या नावाची कथा हन्नापासून सुरू होते. मूल होत नाही, सवत पनिन्ना टोचून बोलते, नवरा एलकाना जीव लावतो पण त्याने भागत नाही. वर्षाच्या यात्रेला शिलोच्या मंदिरात हन्ना एकटीच जाऊन उभी राहते. ओठ हलताहेत, आवाज नाही. दाराशी बसलेला म्हातारा याजक एली तिच्या तोंडाकडे बघत राहतो आणि त्याला वाटतं, बाई प्यायलेली आहे. तो तिला दटावतोही. ती म्हणते, महाराज, मी मन मोकळं करतेय. त्या काळी प्रार्थना मोठ्याने व्हायची. पुढे तालमूदातल्या धर्मगुरूंनी प्रार्थनेचे नियम लावले ते या बाईवरून: ओठ हलले पाहिजेत, मन एकाग्र पाहिजे, आवाज चढता कामा नये. जगभरच्या सिनेगॉगांत उभ्याने जी मूक प्रार्थना होते, तिची गुरू ही हन्ना. पुढे मुलगा झाला. देवाजवळ मागितला म्हणून शमुवेल, असा नावाचा अर्थ तिने स्वतःच सांगितला.

व्याकरण इथे अडतं. ‘मागितलेला’ या अर्थाच्या धातूपासून नाव तयार होतं ते शौल, शमुवेल नव्हे. शौल म्हणजे इस्राएलचा पहिला राजा, ज्याला पुढे याच शमुवेलाने अभिषेक केला. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात, ही जन्मकथा मुळात शौलाची असावी. दुसरे ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव अशी फोड करतात. तिसरे ‘देवाने ऐकलं’ असा अर्थ लावतात. तो कानाला गोड लागतो, पण ‘ऐकणे’ या धातूतलं ‘ऐन’ हे अक्षर शमुवेलमध्ये नाही.

मला या वादात हन्ना जवळची वाटते. शास्त्रातली बरीच नावं बाळंतिणीच्या तोंडून आलेली आहेत आणि बाळंतीण धातुपाठ बघून बोलत नाही. याकोबाच्या बायकोने, लेआने, थोरल्याचं नाव रऊबेन ठेवलं तेव्हा तिच्या मनात नवरा होता, की आता तरी तो माझ्याकडे बघेल. मरताना तिची सवत राहेल धाकट्याला ‘बेनओनी’, माझ्या दुःखाचा पोर, म्हणाली. बापाने ते बदलून बन्यामीन केलं. हे शब्द त्या त्या घडीला कुणीतरी कळवळून उच्चारलेले आहेत. नावाचा अर्थ शोधताना कोशाआधी ती घडी शोधावी, असं मी इतकी वर्षं सांगत आलोय. शमुवेलच्या बाबतीत तर कोश आणि घडी यांचं जमतच नाही, आणि तरी अडीच-तीन हजार वर्षं लोकांनी हन्नाचंच ऐकलं.

आता समाजींच्या वडिलांचं नाव. हसाजी म्हणजे यहेज्केल, ‘देव बळ देतो’. बगदादच्या यहुद्यांत त्याचं ‘हस्केल’ होतं, आपल्याकडे त्याला ‘जी’ लागून हसाजी झालं. समाजी आणि हसाजी, दोन्ही नावांच्या शेवटी मुळात ‘एल’ होता. कोकणात तो झडला आणि त्याच्या जागी आदराचा ‘जी’ येऊन बसला. अशी नावं बरीच आहेत. अब्राहामाचं आबाजी, इसहाकाचं इसाजी, बन्यामीनचं बन्नाजी, एलियाहूचं एलोजी. गावच्या खातेवहीत आबाजी असं लिहिलेलं दिसलं तर तो शनवार तेली की शेजारचा आगरी की कुणबी, हे नावावरून ओळखणं कठीण.

पुढे कोचीनहून शिक्षक आले, बगदादी यहुद्यांचा सहवास घडला, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रू भाषेचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. एकोणिसाव्या शतकात समाजीचे पुन्हा सॅम्युएल झाले आणि हसाजीचे इझिकेल. किहीमच्या घराण्यातले हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला. जुन्या चालीरीती जाणणारी पिढी डोळ्यांसमोर असताना हे लिहून झालं, याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. त्यांचं स्वतःचं नावही बघा: हाईम, म्हणजे जीवन.

तर मधल्या त्या शतकांत, जेव्हा ‘एल’ नव्हता, तेव्हा या नावांत काय होतं? बाईंचा प्रश्न हाच आहे. माझं उत्तर असं की सगळं होतं.

या समाजाजवळ तेव्हा ग्रंथ नव्हता, हिब्रू वाचता येत नव्हती. शब्बाथ होता, खवले-पर असलेलाच मासा खायचा हा नियम होता, आठव्या दिवशीची सुंता होती, आणि पाठ असलेली एक प्रार्थना होती, शेमा. ‘शेमा’ म्हणजे ऐक. देव एकच आहे ही साक्ष देणारी ती ओळ. बाळाची सुंता असो, लग्न असो की नवस, प्रत्येक प्रसंगी तीच म्हणायची, कारण दुसरी येतच नव्हती. लहानगा शमुवेल मंदिरात झोपलेला असताना त्याला रात्री हाक येते, तो उठून एलीकडे धावतो, असं तीनदा होतं. शेवटी एली त्याला शिकवतो की पुन्हा हाक आली तर म्हण, मी ऐकतोय. शमुवेलच्या आयुष्याची सुरुवात ऐकण्याने होते. एकच प्रार्थना जपलेल्या, आणि तीही ‘ऐक’ने सुरू होणारी, अशा समाजात समाजी हे नाव चालत राहिलं. व्युत्पत्ती म्हणून मी हे मांडत नाही, ‘ऐन’चा आक्षेप आहेच. पण त्या घरांत नाव ठेवताना कोणता शब्द कानावर पडत होता, ते यातून कळतं.

दुसरं म्हणजे एलियाहू. हे नाव हिब्रूतल्या अत्यंत ठाशीव नावांपैकी एक. ‘एली’ म्हणजे माझा देव, ‘याहू’ हे परमेश्वराच्या नावाचं छोटं रूप. माझा देव याहूच, दुसरा नाही. एवढ्याशा नावात देव दोनदा आणि त्यात ठाम कबुलीही. कर्मेल डोंगरावर बआलच्या पुजाऱ्यांशी सामना होतो, एलियाहूच्या वेदीवर आकाशातून अग्नी उतरतो आणि सगळा जमाव ओरडतो की परमेश्वर हाच देव. शब्द नीट ऐका: जमाव त्याच्या नावाचाच अर्थ मोठ्याने म्हणतोय.

सुंतेच्या वेळी एलियाहूसाठी एक खुर्ची मांडायची, ही जगभरच्या यहुद्यांची रीत. म्हणजे मुलाला नाव मिळतं ते एलियाहूच्या साक्षीने. पण बेने इस्राएलांनी त्याच्याशी जो घरोबा केला तो खास कोकणी. मलिदा हा त्यांचा विधी: ताटात भिजवलेले गोड पोहे, वर ओल्या नारळाचा चव, वेलची, भोवती मांडलेली फळं, आणि एलियाहू हन्नबीची आळवणी. नवस फेडायचा, लग्न ठरलं, नवं घर घेतलं, परदेशी निघाले, की मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत. एलियाहूचा रथ इथे टेकून आकाशात गेला, त्याच्या या खुणा, अशी श्रद्धा आहे. ‘एलियाहू हन्नबीचा टापा’ म्हणतात त्या जागेला, आणि इस्राएलला गेलेली कुटुंबं सुट्टीवर आली की आवर्जून तिथे जातात. माणसाचं नाव एलोजी झालं असेल, पण ज्याच्यावरून ते ठेवलं त्याला हे लोक पोह्यांचं ताट मांडून पूर्ण नावाने हाक मारत होते. ‘एल’ही त्यात होता, ‘याहू’ही होता.

महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड रोज हजारो लोक वापरतात. ते १९३७-३८चे मुंबईचे महापौर, आणि ‘ई’ म्हणजे एलायजा, आपला एलियाहूच. महापालिकेच्या पाटीवर या नावाचं फक्त आद्याक्षर उरलंय.

राहिला ‘कर’. शास्त्रात आडनाव नाही. अमक्याचा ‘बेन’, म्हणजे मुलगा, एवढ्यावर ओळख संपते. कोकणाने त्याला गाव जोडून दिलं. पेणकर, रोहेकर, नवगावकर, अष्टमकर, पनवेलकर. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा आठवतात? ते डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर: स्वतःचं नाव दाविदाचं, बापाचं अब्राहामाचं आणि आडनाव चौलचं. शास्त्र आणि रायगड जिल्हा इतक्या सहज एका दमात म्हणता येतील अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

त्याच पत्राच्या शेवटी बाईंनी जाता जाता लिहिलंय की पनवेलच्या सिनेगॉगवरून जाताना ‘बेथ एल’ हे नाव वाचते, त्याचा अर्थ सांगाल का. सांगतो, आणि हे सांगायला मला फार दिवसांपासून निमित्त हवं होतं.

भावाला फसवून याकोब घरातून पळालाय. वाटेत सूर्य मावळला, तेव्हा उघड्यावरच एक धोंडा उशाला घेऊन तो झोपला. स्वप्नात जमिनीपासून आकाशापर्यंत टेकलेली शिडी, तिच्यावरून चढणारे-उतरणारे देवदूत. जागा झाला तो घाबरून. एकाच श्वासात तो त्या जागेला दोन नावं देतो: हे देवाचं घर आहे, आणि हे स्वर्गाचं दार आहे. उत्पत्तीचा अठ्ठाविसावा अध्याय, सतरावी ओवी. ‘देवाचं घर’ म्हणजे बेथ एल. ‘स्वर्गाचं दार’ म्हणजे शाअर हशामाइम.

पनवेलचं बेथ एल १८४९ चं. ठाण्याच्या सिनेगॉगचं नाव शाअर हशामाइम, ते १८७९ चं. याकोबाच्या एका वाक्याचा पहिला भाग पनवेलला आहे आणि दुसरा ठाण्याला, आणि मधे आपली अख्खी नवी मुंबई. सिडकोची स्थापना झाली १९७० साली, तेव्हा हे वाक्य इथे लिहून होऊन नव्वद वर्षं उलटली होती. ठाणे-पनवेल लोकलने ऐरोली, तुर्भे, नेरुळ, बेलापूर करत जाणारा माणूस त्या ओवीतून उलट्या दिशेने प्रवास करतो. कुणी ठरवून केलेलं नाही हे. ही दोन्ही नावं सिनेगॉगांना जगभर देतात. लंडनचं बेव्हिस मार्क्स आणि कैरोचं मोठं सिनेगॉग, दोन्ही शाअर हशामाइमच. तरीही आपल्या वाट्याला दोन्ही अर्धुकं आली याचा मला फार आनंद आहे.

आणि त्या अध्यायातली पुढची ओवी तर शनवार तेल्यांनी खास आपली मानावी अशी आहे. याकोब सकाळी उठतो, उशाचा तो धोंडा उभा करतो आणि त्याच्यावर तेल ओततो. बेथ एल हे नाव त्या तेलासकट रूढ झालं. त्याआधी त्या गावाला लूज म्हणत.

आता टिपूची गोष्ट, म्हणजे आजचा लेख पुढच्याला जोडून घेता येईल. समाजातली आख्यायिका अशी: कैद्यांना ठार करायचं ठरलं, एकेकाला जात विचारली जात होती. समाजी म्हणाले, बेने इस्राएल. ते टिपूच्या आईच्या कानावर गेलं. हे नाव तर कुराणात आहे, ती म्हणाली, यांना मारू नका. आख्यायिका असली तरी तिच्यातला एक धागा पक्का आहे: कुराणाचा सतरावा सूरा ‘बनी इस्राइल’ याही नावाने ओळखला जातो. सुटून आल्यावर समाजींनी जे मंदिर बांधलं त्याचं नाव शाअर हारहामीम, दयेचं दार. ‘रहामीम’ हा शब्द ‘रेहेम’ म्हणजे आईच्या उदराशी नातं सांगतो, आणि गोष्टीत जीव वाचवते तीही एक आईच.

समाजींना वाचवणारं हे ‘इस्राएल’ नाव याकोबाला यब्बोकच्या काठी मिळालं, मांडी लचकवून घेऊन. पुढच्या आठवड्यात तिथेच जाऊ. उत्पत्तीचा बत्तिसावा अध्याय वाचून ठेवा, आणि त्या अनोळखी माणसाने स्वतःचं नाव सांगायला नकार का दिला, याचा विचार करून ठेवा.