समुद्रात उतरायला वाट हवी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथल्या ब्यूड गावाच्या किनाऱ्यावर, कड्याच्या पायथ्याशी, १९३० साली बांधलेला एक तलाव आहे. लांबी सुमारे ९० मीटर, रुंदी तिच्या निम्मी. त्यात नळाचं पाणी नाही, क्लोरीन नाही, तिकीट नाही. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काँक्रीटची भिंत. भरती आली की समुद्र भिंतीवरून आत येतो आणि पाणी बदलून जातो. ओहोटीत तो दूर सरकला तरी तलाव भरलेला राहतो.

ब्यूडला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत सहा-सात मीटरचा फरक पडतो. समोर अटलांटिक आहे, लाटा दांडग्या आणि ओढ जबरदस्त. ब्रिटनमधला पहिला सर्फ लाइफ सेव्हिंग क्लब १९५३ मध्ये याच गावात निघाला, तो उगाच नाही. अशा ठिकाणी लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि कच्च्या पोहणाऱ्यांना समुद्राचं पाणी मिळावं, पण समुद्राचा धोका नको, म्हणून ही भिंत. इंग्लंडमधल्याच मार्गेटचा वॉलपोल बे तलाव याच जातीचा. १९३७ मध्ये बांधलेला हा तलाव तब्बल चार एकरांचा आहे.

हे तलाव बांधले तेव्हा व्हीलचेअरवरून येणाऱ्या माणसाचा विचार कुणी केला नव्हता. खरं तर त्याला पाण्याची गरज सगळ्यात जास्त. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा साधारण निम्मा भार पाणी उचलतं, गळ्याएवढ्या पाण्यात जवळजवळ नव्वद टक्के. जमिनीवर ज्याला दोन माणसांचा आधार लागतो, तो पाण्यात एकटा हिंडू शकतो. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकून आले. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पण त्यासाठी आधी पाण्यापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. घोडं अडतं ते तिथेच.

साधा हिशेब करू. व्हीलचेअरच्या उताराचं रूढ प्रमाण एकास बारा. म्हणजे एक मीटर खाली जायचं तर बारा मीटर लांब उतार. दीड मीटर उतरायचं असेल तर अठरा मीटर, शिवाय मध्ये दम खायला सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडे. साधी व्हीलचेअर वाळूत रुतते आणि खाऱ्या पाण्यात गंजते, म्हणून फुगीर चाकांची, न गंजणारी वेगळी खुर्ची लागते. ज्यांना उतारही जमत नाही त्यांच्यासाठी झोळीसारख्या पट्ट्यात बसवून पाण्यात सोडणारा हॉइस्ट. आणि पोहून झाल्यावर कपडे कुठे बदलायचे? प्रौढ माणसाला आडवं करता येईल असा बाक आणि छताला हॉइस्ट असलेली स्वच्छतागृहं हवीत, यासाठी ब्रिटनमध्ये २००६ पासून ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची मोहीम चालू आहे. यातलं एक जरी नसलं तरी बाकीच्याचा उपयोग राहत नाही. उतार आहे पण कपडे बदलायची खोली नाही, तर माणूस घरीच थांबतो.

या सगळ्याला पैसा कोण देणार? ब्यूडच्या तलावाचा निधी थांबवायचं कॉर्नवॉल कौन्सिलनं २०१० मध्ये ठरवलं, तेव्हा गावकऱ्यांनी ‘फ्रेंड्स ऑफ ब्यूड सी पूल’ ही धर्मादाय संस्था काढली. देणग्या, वर्गणी आणि पोहण्याचे कार्यक्रम यांवर तलाव चालू राहिला, तोही फुकट.

कॉर्नवॉलमधल्याच पेन्झान्स गावानं दुसरी वाट धरली. तिथला ‘जुबिली पूल’ १९३५ चा, समुद्राच्याच पाण्याचा. २०१४ च्या वादळांत तो फुटला. दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये उघडला, तो पुढे लोकांनीच चालवायला घेतला. त्यांनी समभाग विकले. सुमारे चौदाशे लोकांनी मिळून पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. हे समभाग बाजारात विकता येत नाहीत आणि कितीही घेतले तरी एका सभासदाला एकच मत. दूध सोसायटी आणि साखर कारखाना पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. या पैशाला अनुदानांची जोड मिळाली आणि २०२० मध्ये तलावाचा एक भाग जमिनीखालच्या उष्णतेनं तापवलेला मिळू लागला. सांधे आखडलेल्यांना थंडगार अटलांटिकपेक्षा हे कोमट पाणी किती मोलाचं, ते सांगायला नको.

मात्र लोकवर्गणीची एक खोड आहे. नवीन बांधायचं म्हटलं की लोक खिशात हात घालतात. कोनशिला बसते, फोटो निघतात. पुढचा खर्च कुणाला दिसत नाही. भरती दिवसातून दोनदा येते आणि प्रत्येक वेळी वाळू, गोटे, शेवाळ ठेवून जाते. उतारावर शेवाळाचा पातळ थर साचला तरी चालणारा माणूस घसरतो, मग व्हीलचेअरचं काय? हा थर सतत खरवडावा लागतो. कठड्याचं स्टेनलेस स्टीलसुद्धा खाऱ्या वाऱ्यात डागाळतं, हॉइस्टची बॅटरी आणि जोड खराब होतात. हॉइस्ट असून तो चालवायला शिकलेलं माणूस हजर नसेल तर तो शोभेचाच. शिवाय प्रवेश फुकट ठेवायचा तर हा खर्च तिकिटातून निघत नाही.

समुद्र किती निर्दयी असतो ते चेन्नईनं पाहिलं. अपंगांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी केल्यावर मरीना किनाऱ्यावर कायमचा लाकडी उतार नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला. खर्च कोटीच्या घरात. दोन आठवड्यांतच मांडोस चक्रीवादळानं तो मोडला. तो पुन्हा दुरुस्त झाला, कारण मागे महापालिका होती. नुसत्या वर्गणीवर उभा असता तर?

म्हणून ‘लोकांनी करून दाखवलं’ या कौतुकात सरकारला सुटका मिळू नये. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानं आणि आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक सोयी सर्वांना वापरता येणं हा हक्क ठरवला आहे. हक्काची सोय लॉटरी, केक विक्री आणि दात्यांच्या लहरीवर कायमची सोडता येत नाही. वर्गणीनं सुरुवात व्हावी, गावाची मालकी राहावी. पण वादळानंतरची दुरुस्ती आणि जीवरक्षकांचा पगार यांची तरतूद सरकारी अंदाजपत्रकातच हवी.

कोकणात किंवा गोव्यात उद्या कुणी अशा कामाची पावती घेऊन दाराशी आलं, तर वर्गणी जरूर द्या. पण दोन प्रश्न आधी विचारा. आराखडा करताना व्हीलचेअर वापरणारं कुणी बैठकीत होतं का? आणि पाचव्या वर्षी उतारावरचं शेवाळ कोण खरवडणार, कुणाच्या पैशानं?