सायकलीचा चातुर्मास

मृगाचा पाऊस सुरू झाला, की आपल्या घरांत लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले जातात, गाद्या-उश्या कोरड्या जागी जातात, आणि ज्या घरात सायकल आहे तिथे ती जिन्याखाली जाते. वर एक जुनी चादर पडते. इथपर्यंत सारं ठीक. पण पुष्कळ घरांत ती चादर पुढे दिवाळी आली तरी निघत नाही. तोवर टायरमधली हवा गेलेली, साखळी गंजलेली. मग ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणता म्हणता बाईची सायकल सुटते ती कायमची. घरातल्या पुरुषाची सायकल सहसा अशी सुटत नाही. ती दुरुस्त करणं हे ‘काम’ असतं, आपली मात्र ‘हौस’!

माझी धाकटी जाऊ सायकलवेडी आहे. नोकरी आणि दोन मुलं सांभाळून ती हिवाळ्यात ‘ब्रेव्हे’ करते. म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं : 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 किलोमीटर 20 तासांत. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचलं की झालं. पावसाळ्यात मात्र ती सायकल बाजूला ठेवते. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, “सुटलं वाटतं एकदाचं खूळ!” तर ही हसून म्हणाली, “सुटलं नाही हो आई, चातुर्मास पाळतेय.”

हा चातुर्मास पाळण्यासारखा आहे. मग तुम्ही दोनशे किलोमीटर जात असा, नाहीतर मंडईपर्यंत.

आधी शरीराचं बघू. जाऊबाई पहिले दोन आठवडे सायकलीला हातही लावत नाहीत. संध्याकाळी थोडं चालणं आणि रात्री पुरेशी झोप, एवढंच. विश्रांती म्हणजे आळस, हे आपल्या मनावर इतकं बिंबलेलं असतं, की अंग दुखत असलं तरी आपण डबे घासायला काढतो. पण श्रमाने थकलेले स्नायू भरून येतात ते विश्रांतीतच. त्यानंतर हलका व्यायाम सुरू करावा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता सावकाश दहा वेळा उठणं-बसणं, पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, हे ओट्याजवळ कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही जमतं. गुडघा सुजला असेल किंवा दुखणं थांबतच नसेल, तर मात्र तेल चोळत न बसता डॉक्टरांना दाखवा.

याच दिवसांत रक्त तपासून घ्यावं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल, तर चढावर लागणारी धाप ही वयामुळेच, असं समजू नये. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळावं, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

आता सायकल. गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं पसरा. जुने दात घासायचे ब्रश, सुती चिंध्या, पाने, पंप आणि पंक्चरचं सामान, एवढ्यावर घरचा कारखाना उभा राहतो.

साखळी ब्रशने घासून, पुसून, कोरडी करा. डिझेल वापरणार असाल तर मोकळ्या हवेत, गॅस आणि देवापुढच्या निरांजनापासून लांब. मग एकेका कडीवर साखळीच्या तेलाचा एकच थेंब टाका, पेडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून घ्या. खोबरेल किंवा गोडेतेल नको. ते चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. रिमवर ब्रेक लागत असेल, तर रिमला तेलाचा थेंबही लागू देऊ नका.

साखळी किती झिजली, हे मुलांच्या पट्टीनेही कळतं. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा. नव्या साखळीत बरोबर 12 इंचांवर पुन्हा पिनेचा मध्य येतो. तो 1/16 इंच पुढे सरकला असेल तर साखळी बदलावी. 1/8 इंच सरकला, तर बहुधा दातेरी चकत्याही बदलाव्या लागतात आणि खर्च वाढतो.

पंक्चर काढायला शिकाच. ट्यूब बादलीत बुडवली की बुडबुडे जागा दाखवतात. ती जागा पुसून, खरकागदाने घासून सोल्युशन लावा, ते सुकू द्या आणि मगच पॅच दाबा. टायरच्या आतून सावकाश हात फिरवायला विसरू नका, काटा तिथेच असेल तर नवी ट्यूबही जाईल. आणखी एक गंमत : डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते सोडवताना पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा.

सीटही तपासा. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं, की पाय सरळ व्हायला हवा. सीट बुटकी असली की गुडघ्यांवर ताण येतो. आपल्या पुष्कळजणींच्या सीटा बुटक्या असतात, कारण त्या दुसऱ्याच कुणीतरी बसवलेल्या असतात!

“एवढं कशाला? कोपऱ्यावर दुकान आहे की,” असं घरचे म्हणतील. दुकान आहे, पण रस्त्यात पंक्चर होतं तेव्हा ते बरोबर येत नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्याला तेवढं जायचं नाही. पण शिकवणीहून परतताना अंधारात सायकल हातात धरून चालत यायचं, की दहा मिनिटांत पंक्चर काढून निघायचं, हे आपल्या हाती असलं की लांबचा रस्ताही धरवतो.

अधूनमधून चादर काढून टायरमध्ये हवा भरत राहा. किती भरायची, तो आकडा टायरच्या कडेवरच लिहिलेला असतो. खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजेला मांडाल, तेव्हा तुमचा पाना आणि पंपही त्यांत ठेवा. दसऱ्याला सायकलीला झेंडूचा हार घाला आणि सोनं वाटायला तिच्यावरूनच जा.