मेणातून घडणारा दागिना

धातूला आकार देण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक ठोकण्याची आणि दुसरी ओतण्याची. तांबट तांब्याचा पत्रा ठोकून त्याचे भांडे घडवतो; ओतारी धातू वितळवून तो साच्यात ओततो. ठोकताना एखादा घाव चुकला, तर पुढच्या घावाने ती चूक पुष्कळदा सुधारता येते. ओतकामात ही सवलत नसते. तापलेला रस साच्यात शिरला, की काही क्षणांतच तो थिजतो आणि जे व्हायचे ते होऊन जाते. म्हणूनच ओतकाम शिकणाऱ्याला हात चालवण्यापूर्वी विचार करण्याची सवय लावून घ्यावी लागते.

ओतकामाच्या अनेक प्रकारांत मेण गाळून साचा करण्याची रीत विशेष नाजूक आहे. तिच्यात हवा असलेला दागिना प्रथम मेणाचा बनवतात. त्याच्यावर मातीचा लेप देतात आणि मेण बाहेर पडण्यासाठी एक वाट राखून ठेवतात. लेप वाळला, की तो तापवतात. मेण वितळून वाहून जाते आणि त्याच्या जागी मातीच्या पोटात अगदी त्याच आकाराची पोकळी राहते. तिच्यात धातूचा रस ओततात. रस थिजल्यावर माती फोडली, की मेणात कोरलेली बारीकशी रेघही धातूवर उमटलेली दिसते.

दोन भागांच्या साध्या साच्यातून सरळ, सपाट वस्तू सहज निघते; परंतु जाळीदार कडे किंवा वेलबुट्टीची अंगठी त्यातून निघत नाही, कारण आकाराचे कोपरे साच्यात अडकतात. मेण वितळत असल्यामुळे त्याला असा अडथळा येत नाही. ते कोणत्याही अरुंद वाटेने बाहेर पडते. मात्र या सोयीची किंमत मोठी आहे. मेणाची मूळ आकृती नाहीशी होते आणि साचाही फोडावा लागतो. ओतणे फसले, तर धातू पुन्हा वितळवून वापरता येतो, पण आकृती मुळापासून पुन्हा घडवावी लागते.

या रीतीला संस्कृतात 'मधूच्छिष्टविधान' म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर पोळ्यात उरलेले द्रव्य, अर्थात मेण. ही विद्या फार प्राचीन आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ या स्थळी तांब्याचा एक लहानसा ताईत सापडला. तो सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचा असून त्याचा आकार आऱ्या असलेल्या चाकासारखा आहे. मेणाच्या बारीक कांड्या एकमेकींवर दाबून त्याची आकृती केली होती, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. या रीतीने घडवलेल्या ज्ञात वस्तूंपैकी ती अतिप्राचीन मानली जाते. म्हणजे मोठमोठ्या मूर्ती ओतणाऱ्या या विद्येचा एक आरंभीचा पुरावा अंगावर घालण्याच्या एका छोट्या वस्तूतच मिळतो. मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली नर्तकीची सुप्रसिद्ध मूर्तीही याच रीतीने ओतलेली आहे. तिची उंची सुमारे साडेदहा सेंटिमीटर आहे. तिच्या एका हातात जवळजवळ खांद्यापर्यंत बांगड्या आहेत.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात या विद्येचे वर्णन आहे. मेणाची आकृती आधी तोलून पाहावी आणि त्या वजनाच्या प्रमाणात धातू घ्यावा, असे तो ग्रंथ सांगतो. धातू बदलला, की हे प्रमाणही बदलते. यामागचे कारण सोपे आहे. मेण पाण्यापेक्षा किंचित हलके असते, तर चांदी पाण्याच्या साडेदहापट आणि शुद्ध सोने एकोणीसपटीहून अधिक जड असते. तेवढीच पोकळी भरण्यास चांदी मेणाच्या सुमारे अकरा पट वजनाची आणि सोने सुमारे वीस पट वजनाचे लागते. आजचा कारागीरही मेणाची अंगठी तोलूनच धातूचा हिशेब करतो. मेण दोन ग्रॅम भरले, तर चांदी बावीस ग्रॅम हवी. शिवाय ओतण्याच्या वाटेत रस साठून राहावा म्हणून थोडी अधिक घ्यावी लागते.

छत्तीसगढमधील बस्तर भागात ही विद्या आजही घराघरांत जिवंत आहे. आपल्या गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या या प्रदेशात घडवा जमातीचे कारागीर पितळेच्या मूर्ती, घुंगरे, कडी आणि पायांतले वाळे ओततात. कोंडागाव हे त्यांच्या कलेचे नामांकित ठिकाण आहे. तेथे पोकळ वस्तूसाठी आधी मातीचा गाभा करतात. मेणाचे धागे काढून ते त्या गाभ्यावर शेजारी शेजारी गुंडाळतात. त्यावर आधी अगदी मऊ मातीचा आणि मग तूस मिसळलेल्या वारुळाच्या मातीचा लेप देतात. मऊ माती नक्षीत शिरते आणि जाड माती आगीचा ताप सोसते. घरातील लहानथोर सर्वांच्या हातांना त्यात काम असते. मुले मोठ्यांच्या शेजारी बसून प्रथम माती मळण्यास, मग मेणाचे धागे वळण्यास आणि अखेरीस भट्टी राखण्यास शिकतात. एकाच भट्टीत अनेक साचे एकदम भाजतात. एखादा साचा ओला राहिला, तर त्याचा उपद्रव शेजारच्या साच्यांनाही होतो. म्हणून वाळवण्याची घाई तेथे कोणी करत नाही.

यंत्रयुगात या जुन्या विद्येला नवे रूप आले. १९०७ साली अमेरिकेतील विल्यम टॅगार्ट या दंतवैद्याने किडलेल्या दाताच्या पोकळीत बसवण्यासाठी सोन्याचे तुकडे याच रीतीने ओतून दाखवले. पोकळीचा ठसा मेणात घेऊन, रस दाबाने साच्यात ढकलून त्याने ते काम साधले. पुढे सोनारांनीही दाबाची ही युक्ती उचलली. मातीच्या जागी जिप्सम आणि गारेची बारीक पूड यांचे मिश्रण आले. कोळशाच्या भट्टीऐवजी विजेची भट्टी आली. रस साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचावा म्हणून साचा वेगाने फिरवणारे किंवा त्यातील हवा खेचून घेणारे यंत्र आले.

ही साधने एकेकट्या उमेदवाराला विकत घेणे परवडत नाही. म्हणून अनेक देशांतील शहरांत सामायिक कार्यशाळा चालतात. तेथे सभासद वर्गणी भरतात, साधने सर्वांची असतात आणि अनुभवी कारागीर नवख्यांना शिकवतात. कोणी सोनाराच्या धंद्यात उतरू पाहणारा असतो, कोणी दिवसभराची नोकरी करून संध्याकाळी कलेसाठी येणारा असतो. बस्तरमधील घराचे अंगण आणि शहरातील ही कार्यशाळा यांत बाह्यतः काहीच साम्य नाही. तथापि दोन्ही ठिकाणी अग्नी सामायिक असतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

अशा कार्यशाळेत उमेदवाराचा पहिला धडा मेणाचा असतो. कठीण मेणाच्या नळीतून तो अंगठी कापतो, कानशीने घासतो आणि टोकदार हत्याराने नक्षी कोरतो. मेणावर राहिलेला ओरखडा धातूवरही जसाच्या तसा येतो. मेणावर तो पुसण्यास एक मिनिट पुरते, चांदीवरून तो काढण्यास कितीतरी अधिक वेळ लागतो. हे एकदा समजले, की हात आपोआप सावकाश चालू लागतो. मग अंगठीच्या सर्वांत जाड भागाला मेणाची एक कांडी जोडतात. पुढे हीच रस आत जाण्याची वाट होते. ती बारीक ठेवली, तर रस वाटेतच थिजतो आणि अंगठी अपुरी राहते.

ही आकृती पोलादी नळकांड्यात उभी करून तिच्याभोवती जिप्समचे पातळ मिश्रण ओततात. मिश्रण काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते, म्हणून पाणी आणि पूड आधीच तोलून ठेवावी लागतात. मिश्रणातील हवा पंपाने काढून घेतात. कारण मेणाला चिकटून राहिलेला हवेचा बुडबुडा पुढे धातूचा मणी होऊन अंगठीवर बसतो. गारेची पूड श्वासावाटे फुप्फुसांत गेली, तर कायमचा विकार जडतो. म्हणून पूड हाताळताना तोंडानाकावर योग्य मुखपट्टी बांधण्याचा नियम असतो. हा नियम मोडणारा स्वतःबरोबर त्या खोलीतील सर्वांना अपाय करतो.

यानंतर नळकांडी भट्टीत जातात. मेण तुलनेने थोड्याच तापात वितळते, परंतु तेवढ्याने काम भागत नाही. भट्टी टप्प्याटप्प्याने सुमारे ७३० अंश सेल्सियसपर्यंत नेतात आणि काही तास तशीच ठेवतात, तेव्हा मेणाचा राहिलासाहिला अंशही जळून जातो. मग चांदीसाठी ती सुमारे ५०० अंशांपर्यंत उतरवतात. ताप एकदम वाढवला, तर साच्यातील पाण्याची वाफ होऊन साचा तडकतो. फार चढवला, तर जिप्समचे विघटन होऊन निघणारा गंधकाचा वायू धातू बिघडवतो. या सर्व कामाला पुष्कळदा संपूर्ण रात्र लागते.

येथेच सामायिक कार्यशाळेची खरी कसोटी असते. एका भट्टीत पाच-सहा जणांची नळकांडी असतात. कोणी उशिरा आला आणि आपले ओले नळकांडे तापलेल्या भट्टीत सरकवू लागला, तर त्याच्या साच्याला तडे जातात आणि दार उघडल्यामुळे इतरांच्या साच्यांचा तापही उतरतो. कित्येक दिवस खपून कोरलेली दुसऱ्याची आकृती तोवर जळून गेलेली असते. तिची एकमेव खूण म्हणजे त्या साच्यातील पोकळी. तीच भंगली, तर पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून उशिरा आलेल्याला पुढच्या भट्टीपर्यंत थांबावे लागते. हा नियम प्रथम कठोर वाटतो. परंतु ज्याचे नळकांडे आधीपासून आत असते, त्याला त्याचा अर्थ तत्काळ कळतो.

ओतण्याच्या वेळी एकट्याने काम करत नाहीत. एक जण मुशीतील चांदीवर ज्योत धरतो आणि रसावर टाकणखार टाकून त्यातील मळ वेगळा करतो. दुसरा सांडशीने तापलेले नळकांडे भट्टीतून काढून यंत्रात बसवतो. दोघांनी सुती कपडे व चामडी जोडे घातलेले असतात आणि चेहऱ्यापुढे ढाल असते. जवळपास पाणी सांडलेले नाही, याची आधी खात्री करून घेतात. पाण्याची वाफ झाली, की ती मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा व्यापते. तापलेल्या रसाखाली पाण्याचा थेंब सापडला, तर वाफेच्या दाबाने रस चौफेर उडतो. रस आरशासारखा चमकून हलू लागला, की खूण करतात, यंत्र सुटते आणि क्षणार्धात सर्व आटोपते.

नळकांड्याची लाली ओसरली, की ते पाण्यात बुडवतात. साचा खदखदून विरघळतो आणि काळवंडलेली अंगठी हाती येते. ओतवाटेची दांडी कापून, घासून, चकाकी दिली, की चांदीचे तेज उघडे पडते. क्वचित अंगठी अर्धीच भरते किंवा तिच्यावर बारीक छिद्रे दिसतात. अशी फसलेली ओतकामे समंजस शिक्षक लगेच वितळवू देत नाही. ती मेजावर ठेवून सर्वांनी कारण शोधावयाचे असते. वाट अरुंद होती की साचा थंड होता, मेण पुरते जळले नव्हते की रस अधिक तापला होता, हे एकाच्या तुकड्यावरून दहा जण शिकतात. एकट्याने काम करणाऱ्याला तेवढे ज्ञान मिळवण्यासाठी दहा वेळा स्वतःच फसावे लागले असते.

मेहरगढच्या ताइतापासून आजच्या विजेच्या भट्टीपर्यंत साधने पुष्कळ बदलली, पण कारागिराला लागणारे गुण बदलले नाहीत. मेणावर काम करताना धीर, वाळवताना व तापवताना संयम आणि ओतताना अवधान त्याला लागतेच. त्यांच्या जोडीला सामायिक भट्टी आणखी एक गुण शिकवते. शेजारच्या नळकांड्यात दुसऱ्याचे श्रम आहेत, याची जाणीव ठेवून जो आपले काम करतो, त्याच्याच हाती भट्टीची चावी निःशंकपणे देता येते.