शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनाची शुश्रूषा

रात्री अडीच वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात अडलेली बाळंतीण येते. परिचारिका धावते, वैद्यकीय अधिकारी उठतात. आई आणि बाळ सुखरूप राहिले, तर घरी पेढे वाटले जातात. दुर्दैवाने तसे झाले नाही, तर शोकाकुल नातेवाइकांचा रोष त्या दोघांना सोसावा लागतो. सकाळी बाह्यरुग्ण विभाग नेहमीप्रमाणे उघडतो. रात्रीच्या मृत्यूविषयी त्यांच्याशी कोणी बोलत नाही आणि तेही कोणाशी बोलत नाहीत. आरोग्यसेवकांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न या मौनातच दडलेला आहे.

थकवा आणि आजार

कामाच्या दीर्घकालीन ताणातून येणाऱ्या अवस्थेला अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली ‘बर्नआउट’ हे नाव दिले. एका मोफत दवाखान्यातील सेवकांना पाहूनच त्यांना ते सुचले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटकपणा किंवा कडवटपणा आणि कार्यक्षमतेत घट. संघटनेच्या मते हा आजार नव्हे. ती कामाच्या परिस्थितीतून उद्भवणारी अवस्था होय. परंतु उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक हरपली, मरणाचे विचार येऊ लागले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार हवेतच.

मदत का मागितली जात नाही?

‘इतरांना बरे करणारा स्वतःच खचला’ असे कोणी म्हणेल, ही लाज मोठी असते. आपल्या योग्यतेवर शंका घेतली जाईल, ही भीती त्याहून मोठी. लहान गावात समुपदेशकही ओळखीचाच निघतो. मात्र, मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क आहे. त्याच वर्षी जागतिक वैद्यकीय संघटनेने डॉक्टरांच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचे वचनही समाविष्ट केले. स्वतःची काळजी घेणे हा आता वैद्यकीय कर्तव्याचाच भाग ठरला आहे.

समुपदेशनात काय घडते?

समुपदेशन म्हणजे कोरडा उपदेश नव्हे. प्रशिक्षित व्यक्ती दोषारोप न करता ऐकते, प्रश्न विचारते. ‘माझ्यामुळेच रुग्ण दगावला’ हा विचार मनात घर करून बसला असेल, तर त्या रात्री आपल्या हाती काय होते आणि काय नव्हते, हे दोघे मिळून तपासतात. वस्तुस्थिती स्पष्ट होते, तसा अपराधीपणाचा भार हलका होऊ लागतो. काहींना मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषधेही घ्यावी लागतात.

सोय कोठे आहे?

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनाशुल्क आणि मराठीतूनही बोलता येते. आपल्या तालुक्यात मन मोकळे करण्यास संकोचणाऱ्या परिचारिकेला किंवा आशा स्वयंसेविकेला ही सोय विशेष उपयोगी आहे. प्रत्यक्ष उपचारासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञांची मदत घेता येते.

आपली जबाबदारी

तथापि, रिक्त पदे आणि सलग पाळ्या यांची भरपाई समुपदेशनाने होणार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला कमाल ७४ तास काम आणि एक दिवस सुट्टी अशी शिफारस केली, ती यासाठीच. अधिकाऱ्यांनी पाळ्या आखताना विश्रांतीचा विचार करावा. एखाद्या दुःखद घटनेनंतर स्पष्टीकरण मागण्यापूर्वी सहकाऱ्याची विचारपूस करावी. आरोग्यसेवकांवरील हिंसा रोखण्यासाठी राज्यात २०१० पासून कायदा आहे. परंतु कायद्याची वेळ येण्याआधी जमावाला शांत करणे पंचायत सदस्यांना शक्य असते. मन आजारी पडणे हा कमीपणा नाही, हे शिक्षकांनी वर्गात आणि पालकसभेत सांगावे.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी कोणीतरी परिचारिकेला एवढेच विचारावे : “बाई, आपण कशा आहात?” उपचाराची वाट अनेकदा या प्रश्नापासूनच सुरू होते.