इयागोचा हेतू आणि कोलकात्याचा रंगमंच

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधला इयागो आपल्या दुष्टपणाची कारणे स्वतःच सांगतो, आणि तीही एकाहून अधिक. बढती कॅसिओला मिळाली. ऑथेल्लोने इयागोच्या बायकोशी संबंध ठेवल्याचा संशय आहे. मग तोच संशय कॅसिओवरही. एक कारण सांगून झाले की तो दुसरे काढतो आणि अखेरीस पकडला गेल्यावर तोंड मिटून घेतो. म्हणून कोलरिजने ही सारी कारणे निमित्तमात्र मानून त्याच्या द्वेषाला हेतूच नाही असे म्हटले. ए. सी. ब्रॅडलीने 1904 मध्ये त्यात दुखावलेला अहंकार आणि सत्तेची चव पाहिली.

कोलकात्यात हा प्रश्न बराच काळ मागे राहिला. 17 ऑगस्ट 1848 रोजी पार्क स्ट्रीटवरच्या सान्स सूसी थिएटरात वैष्णवचरण आढ्य या बंगाली नटाने गोऱ्या नटसंचात ऑथेल्लो उभा केला. आधी ठरलेला प्रयोग लष्करी अधिकाऱ्याने शिपायांना भाग घेऊ न दिल्याने रद्द झाला होता. नट रंग न फासताच काळा आहे, याची एका वृत्तपत्रीय पत्रात हेटाळणी झाली. जी हेटाळणी नाटकात इयागो आणि रॉडरिगो करतात, ती इथे प्रेक्षागृहातूनच आली. मग इयागोच्या मनाचा शोध कोण घेणार?

1919 मध्ये देवेंद्रनाथ बसूंचा बंगाली ‘ऑथेल्लो’ स्टार थिएटरात आला. मराठीत त्याआधीच, 1890 मध्ये, गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘झुंझारराव’ने इयागोला जाधवराव करून मराठी सरदारांत आणले होते.

नट-दिग्दर्शक उत्पल दत्त सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले. हे कॉलेज सान्स सूसीच्याच जागेवर उभे आहे. जेफ्री केंडल यांच्या ‘शेक्सपिअराना’ या फिरत्या नाटकमंडळीत त्यांनी कामे केली, आणि पुढे लिहिलेल्या ‘शेक्सपिअरेर समाजचेतना’ या ग्रंथात मार्क्सवादी दृष्टीने शेक्सपिअर वाचला. या दृष्टीने पाहिले की रॉडरिगोला पुन्हापुन्हा थैली भरायला सांगणारा इयागो नुसता कपटी उरत नाही. माणसाची किंमत पैशात करणाऱ्या नव्या काळाचा तो प्रतिनिधी ठरतो. हेतूचा शोध इथे मनातून समाजाकडे वळतो. हे वाचन जोरकस असले तरी अपुरे आहे, कारण इयागोला मिळणारी मौज हिशेबात बसत नाही.

1961 च्या ‘सप्तपदी’ चित्रपटात उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन यांच्या ऑथेल्लो प्रवेशाला आवाज दत्त आणि जेनिफर केंडल यांचे होते. बंगालमध्ये घरोघरी पोचलेला ऑथेल्लो हाच, पण त्यात भर आहे तो प्रेमावर आणि खुनावर. इयागोला तिथे फारसे काम नाही.

ते काम 2024 च्या ‘अथै’ चित्रपटाने त्याला परत दिले. अर्ण मुखोपाध्याय यांच्या या चित्रपटात ऑथेल्लो हा दलित डॉक्टर आहे, आणि अनिर्बाण भट्टाचार्य यांचा गोगो, म्हणजेच इयागो, थेट प्रेक्षकांशी बोलत कट रचतो. वर्णाच्या जागी जात आली की बढतीचे रडगाणे वेगळे ऐकू येते: खालचा म्हणून गृहीत धरलेला माणूस वर गेला, हेच खरे शल्य. कोलकात्याने इयागोला दिलेल्या उत्तरांत हे सर्वांत पटणारे आहे.