स्वेटर ज्याच्या त्याच्या मापाचा: विणकामातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

राहुरीच्या थंडीची एक खोड आहे. पहाटे ती हाडांत शिरते आणि अकराच्या उन्हात अंगातला स्वेटर काढायला लावते. रात्रीच्या लाईटला उसाला पाणी भरायला निघालेला शेतकरी, सकाळच्या शाळेची मुलगी आणि ओट्यावर ऊन खात बसलेल्या आजी, या तिघांचा स्वेटर एकसारखा असून चालत नाही. पाणी भरणाऱ्याला बाही मनगटाच्या जरा वर, घट्ट बॉर्डरची हवी, म्हणजे ती भिजत नाही. मुलीला पुढून उघडणारा, पटकन काढून दप्तरात टाकता येणारा हवा. आजींचा हात फार वर जात नाही, म्हणून त्यांना काखेत सैल हवा.

पुस्तकातला किंवा मोबाईलवरचा नमुना यांच्यापैकी कोणालाच समोर ठेवून लिहिलेला नसतो. तो बदलावा लागतो आणि साधा गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही तो बदलता येतो. आड येतात त्या काही जुन्या समजुती.

गैरसमज: नमुन्यात लिहिलेत तेवढेच टाके घातले की स्वेटर लिहिलेल्या मापाचा होतो.

वस्तुस्थिती: प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कोणी धागा ओढून विणतं, कोणी सैल सोडतं. समजा, पाठ आणि पुढचा भाग मिळून २०० टाके आहेत. एका इंचात ५ टाके बसले तर घेर ४० इंच होईल. तुमचा हात घट्ट असेल आणि इंचात साडेपाच टाके बसत असतील, तर तेच २०० टाके साडेछत्तीस इंचही भरणार नाहीत. इंचामागे अर्ध्या टाक्याचा फरक, आणि स्वेटर दुसऱ्याच माणसाच्या अंगाचा!

म्हणून त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, त्याच विणीचा सहा इंची चौकोन आधी विणावा. धुऊन, सपाट वाळवून त्याच्या मधल्या चार इंचांतले टाके आणि ओळी मोजाव्यात. कडेचे टाके ओढले जातात, म्हणून ते मोजणीत धरू नयेत. धुतल्यावर वीण बदलते, म्हणून न धुतलेल्या चौकोनाचं माप खरं मानू नये.

गैरसमज: आठ नंबरची सुई सगळीकडे सारखीच.

वस्तुस्थिती: आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकी पद्धत याच्या उलट आहे. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची, तर १० नंबरची ६ मिलिमीटरची असते. परदेशातल्या लेकीने पाठवलेला नमुना राहुरीत आणलेल्या सुयांवर विणला आणि माप चुकलं, तर आधी सुईचा नंबर तपासा. नंबराऐवजी मिलिमीटर बघायची सवय लावली की हा घोटाळा कायमचा मिटतो.

गैरसमज: मोठं माप हवं असेल तर जाड सुया घ्याव्यात.

वस्तुस्थिती: जाड सुयांनी रुंदी वाढते, पण ओळी मोजून लिहिलेला प्रत्येक भागही लांबतो. मुंडा खाली उतरतो, गळा खोल होतो. शिवाय वीण जाळीदार होऊन वारा आत शिरतो. लोकरीला शोभेल ती सुई तशीच ठेवून टाके बदलणं हा खरा मार्ग आहे.

छातीचा घेर घ्या आणि त्यात अंगासरशी हवा तर दोन इंच, आत शर्ट घालायचा असेल तर चार इंच मिळवा. येणाऱ्या आकड्याला आपल्या इंचातल्या टाक्यांनी गुणा. छत्तीसची छाती, चार इंचांचा सैलपणा आणि इंचात ५ टाके धरले, तर उत्तर २०० येतं. ते दोन भागांत वाटून प्रत्येकी १०० आणि शिलाईसाठी दोन्ही कडांना एकेक टाका, म्हणजे १०२ टाके घालायचे.

गैरसमज: टाके बदलले की नक्षी बिघडते.

वस्तुस्थिती: नक्षी ठरावीक टाक्यांनी पुन्हा येते, एवढंच पाळायचं. समजा, ती ६ टाक्यांची आहे आणि शेवटी २ टाके जास्त लागतात. मग ९८ किंवा १०४ टाक्यांत ती बरोबर बसते, १०२ मध्ये बसत नाही. अशा वेळी ९८ टाक्यांत नक्षी घ्यावी आणि उरलेले चार टाके दोन्ही कडांना दोन-दोन साधे विणावेत. ते शिलाईजवळ लपतात.

वेणीची नक्षी असेल तर मात्र आणखी काळजी हवी. टाके एकमेकांवरून ओलांडले की कापड आकसतं. साध्या विणीच्या स्वेटरात वेणी घालताना टाके वाढवावे लागतात. किती वाढवायचे, ते वेणीचाच चौकोन विणून कळतं.

गैरसमज: बाहीचा अंदाज हातालाच येतो, त्याला हिशेब नसतो.

वस्तुस्थिती: इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकामतज्ज्ञ एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनी यासाठी सोपं प्रमाण दिलं. अंगाचे एकूण टाके १०० टक्के धरले, तर मनगटाला सुमारे २० टक्के आणि दंडाला सुमारे ३३ टक्के. आपल्या २०० टाक्यांच्या स्वेटरला मनगटाशी ४० आणि दंडाशी ६६ टाके येतात. वाढवायचे २६. दोन्ही कडांना एकेक वाढवला तर १३ वेळा. बॉर्डर सोडून बाही १५ इंच आणि इंचात ७ ओळी असतील, तर एकूण १०५ ओळी होतात. दर आठव्या ओळीला वाढवलं की १०४ ओळींत काम पुरं. दंड भरलेला असेल तर ६६ चे ७० करा आणि हाच भागाकार पुन्हा मांडा.

गैरसमज: बाळाचा स्वेटर म्हणजे मोठ्याच्या स्वेटराचं निम्मं माप.

वस्तुस्थिती: बाळंतविड्यातले किती तरी स्वेटर बाळाच्या डोक्यातून जातच नाहीत, त्याचं कारण हेच. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि छातीचा त्याहून थोडा कमी. मोठ्या माणसात हे प्रमाण उलटतं. बाळाचा गळा पुढून उघडणारा किंवा खांद्यावर बटणांचा असावा. बाही खांद्याकडून मनगटाकडे विणली, तर पुढच्या वर्षी बॉर्डर उसवून लांबीही वाढवता येते.

गैरसमज: लोकर ती लोकर, कोणतीही घेतली तरी चालते.

वस्तुस्थिती: आपल्या भागातली मेंढी दख्खनी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्यावर संशोधन होतं. तिची लोकर जाड, राठ आणि केसाळ असते. घोंगडीला तीच हवी. पण साधारण ३० मायक्रॉनहून जाड तंतू अंगाला टोचतात, म्हणून अंगालगतच्या स्वेटराला मेरिनोसारखी मऊ लोकर लागते.

दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे स्वस्त गुंडे बहुधा ॲक्रिलिकचे असतात. ते टिकाऊ आहेत आणि धुवायला सोपे आहेत, पण त्यांच्यावर गरम इस्त्री टेकवली की वीण कायमची लुळी पडते. मेंढीची लोकर गरम पाण्यात चोळली की आटते. शेकोटीजवळ बसणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ॲक्रिलिक पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. म्हणून रात्री पाणी भरताना शेकोटीशी बसणाऱ्या माणसासाठी विणताना गुंड्यावरची चिठ्ठी वाचूनच पैसे द्या.

या थंडीला लोकर आणाल, तेव्हा पहिल्या संध्याकाळी स्वेटराचे टाके घालू नका. चौकोन विणा, धुवा, मोजा. लोकरीचं नाव, सुईचे मिलिमीटर, इंचातले टाके आणि ओळी एका वहीत लिहा. त्याखाली घरातल्या प्रत्येकाची छाती, दंड, मनगट आणि बाहीची लांबी लिहा. ती वही हाताशी असली की कोणताही नमुना तुमच्या घरच्या मापाचा करता येईल.