द्राक्ष निर्यात : ‘एफओबी’ की ‘सीआयएफ’? दर सांगण्याआधी हे पाहा

निफाड-दिंडोरी पट्ट्यातून युरोपला द्राक्षे पाठवणाऱ्याला परदेशी खरेदीदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘रेट काय?’ पण किलोला किती, एवढं सांगून भागत नाही. तो दर कुठपर्यंतचा, हेही ठरावं लागतं.

यासाठी पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ पासून ‘इन्कोटर्म्स’ हे नियम केले आहेत. सध्या २०२० ची आवृत्ती चालते. कोणता खर्च कोणाचा आणि मालाची जोखीम कुठे बदलते, हे त्यातून ठरते.

समजा, पॅकहाऊसमध्ये पॅक केलेला माल किलोला ११० रुपयांना पडतो. हा झाला जागेवरचा, म्हणजे ‘एक्स वर्क्स’ दर. न्हावाशेवापर्यंतची गाडी, कस्टम क्लिअरन्स आणि जहाजावर चढवण्याचा खर्च १० रुपये धरला तर ‘एफओबी’ दर १२० होतो. त्यात ३० रुपये जहाजभाडं आणि १ रुपया विमा मिळवला की रॉटरडॅमपर्यंतचा ‘सीआयएफ’ दर १५१. माल तोच, नफा तोच. आकडा मात्र मोठा दिसतो.

खरी गोम भाड्यात आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि भाडी भडकली. वरच्या हिशेबात सौदा ठरल्यावर भाडं ३० चं ४५ झालं, तर १३ टनांच्या कंटेनरमागे १ लाख ९५ हजारांचा फटका बसतो. ‘सीआयएफ’मध्ये तो विकणाऱ्याला, ‘एफओबी’मध्ये खरेदीदाराला.

आणखी एक गैरसमज. ‘सीआयएफ’मध्ये भाडं विकणारा भरतो, तरी माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. शिवाय नियमाप्रमाणे घ्यायचा विमा किमान स्वरूपाचा असतो. रीफर बिघडून द्राक्षे खराब झाली तर तो कामी येईलच असं नाही. त्यामुळे जादा विमा कोणी काढायचा, हे आधीच ठरवलेलं बरं.

कंटेनरच्या मालासाठी चेंबर ‘एफओबी’पेक्षा ‘एफसीए’ सुचवते. त्यात ठरल्या जागी कंटेनर वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की विकणाऱ्याची जोखीम संपते. जहाजाची वाट पाहत तो यार्डात पडून राहिला तरी घोर नाही.

‘सीआयएफ’च हवा असेल, तर दराची मुदत आणि वाढीव भाडं कोणाचं, हे करारात लिहून घ्यावं. फोनवरचा शब्द अशा वेळी कामाला येत नाही.